आजाऱ्याच्या घरी जाताना

माझ्या बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी आहेत. गेली काही वर्षं ती आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाते. या काळात आमच्या घरी मंडळीतली, नात्यातली, शेजारची पुष्कळ माणसं येऊन गेली. बहुतेकांनी प्रार्थना केली. काही जण येऊन गेले की तिला दोन घास जास्त जायचे. काही जण येऊन गेले की ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. दोन्हीकडची माणसं विश्वासातलीच होती, प्रेमानंच आली होती. मग फरक कशानं पडत होता, ते मला हळूहळू कळलं. आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून घडलं तसं सांगतो.

आम्ही नगरचे. अमेरिकन मराठी मिशननं नगरला १८३१ मध्ये काम सुरू केलं. आमच्या घराण्यातलं पहिलं शिक्षण त्याच मिशनच्या शाळेतलं. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. ही प्राथमिक शाळेत शिक्षिका. रविवारी शब्बाथशाळा घ्यायची, बायकांच्या उपासनेत शास्त्रपाठ सांगायची. मंडळीत कुणी अंथरुणाला खिळलं की डबा घेऊन सगळ्यांत आधी ही पोचायची. घरभेटी हा तिचा आवडीचा भाग.

तिला रक्तदाब होता आणि साखरही होती. गोळ्या चालू होत्या. निवृत्तीच्या सुमारास तिचे पाय सुजू लागले. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज दिसायची. तोंडाची चव गेली, मळमळ सुरू झाली. शाळेतल्या धावपळीमुळे असेल, असं ती म्हणायची. रक्त तपासलं तेव्हा क्रिएटिनिन फार वाढलेलं निघालं. किडनी बिघडत असताना दुखत नाही, म्हणून कळत नाही, असं डॉक्टर म्हणाले. रक्तदाब किंवा साखर असलेल्या प्रत्येकानं वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्यावं. एवढं एक वाक्य जरी कुणी लक्षात ठेवलं तरी हे लिहिल्याचं सार्थक होईल.

मग डाव्या हाताचं छोटं ऑपरेशन झालं. धमनी आणि शीर जोडून फिश्चुला करतात. त्यातूनच पुढं डायलिसिसच्या सुया घालतात. त्या हातानं वजन उचलायचं नाही, त्या हाताला बीपीचा पट्टा बांधायचा नाही, त्यातून रक्त काढू द्यायचं नाही. एका वेळेला साधारण चार तास मशीनवर. खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसला, म्हणून आम्ही तरलो. कागदपत्रं आधी गोळा करून ठेवली तर धावपळ वाचते. रेशनकार्ड आणि आधारकार्डावरच्या नावांत फरक असेल तर तो आधीच दुरुस्त करून घ्यावा.

स्वयंपाकघर माझ्याकडं आलं. आहारतज्ज्ञ बाईंनी सगळं समजावून सांगितलं. पाणी मोजून. सकाळी एक बाटली भरायची. चहा, आमटी, औषधाचं पाणी, सगळं त्याच हिशेबात. मीठ कमी. ज्यात पोटॅशियम जास्त ते बंद. म्हणजे केळी नाही, संत्रं-मोसंबी नाही, शहाळं तर अजिबात नाही. बटाटा आणि भाज्या चिरून भरपूर पाण्यात भिजवायच्या, मग उकळून ते पाणी ओतून द्यायचं. पोटॅशियम रक्तात साठलं तर हृदय अचानक थांबू शकतं.

आणि भेटायला येणारे सगळे शहाळं आणि केळीच आणायचे. आपल्याकडं आजाऱ्याला दुसरं काय नेतात? एका भल्या माणसानं तब्येतीला चांगलं म्हणून लो सोडियम मीठ आणून दिलं. त्या मिठात पोटॅशियम असतं. किडनीच्या रुग्णाला ते विषासारखं. डॉक्टरांना पाकीट दाखवलं म्हणून कळलं. ही सुरुवातीला संकोचायची. समोरचा शहाळं फोडून हातात द्यायचा, आणि नको म्हटलं की त्याचं तोंड उतरायचं. शेवटी मी दारामागं एक कागद चिकटवला. त्यावर काय चालतं, काय चालत नाही ते लिहिलं. त्याचा खरोखर उपयोग झाला.

शहाळ्याचं असं निभावलं. शब्दांचं अवघड गेलं.

कुणी म्हणायचं, देव आपल्या लाडक्या लेकरांचीच परीक्षा घेतो. कुणी म्हणायचं, मन तपासा, कुठं काही राहून गेलं असेल. एका बाईंनी विचारलं, घरात कुणी मूर्तीचा प्रसाद खाल्ला होता का. एकजण आपल्या मेहुण्याला अस्संच झालं होतं म्हणून सांगू लागले, आणि मग तो वर्षभरात गेला हेही सांगून बसले. प्रार्थनाही लांबत जायच्या. प्रभू, तुझ्या या लेकीला पश्चात्तापाचं मन दे. प्रभू, तिची कुरकूर काढून टाक. डोळे मिटून देवाशी बोलायचं, पण ऐकवायचं आजाऱ्याला. ही तोवर सुई काढून आलेली असायची. डायलिसिसनंतर अंगातलं सगळं बळ गेलेलं असतं. बसणंसुद्धा जड जातं. पण प्रार्थना चालू असताना आडवं कसं व्हायचं, म्हणून ती ताठ बसून राहायची.

या बोलण्याचा घाव किती खोल जातो, हे बोलणाऱ्याला दिसत नाही. रात्री ती मला विचारायची, "अहो, खरंच काही राहिलंय का माझं?" मी नाही म्हणायचो. पण माझ्या नाहीला तिच्या लेखी वजन नव्हतं. पवित्र शास्त्र हातात घेऊन बोलणाऱ्यांना ते होतं.

त्याच वर्षी नात्यातल्या एका बाईंनी आम्हाला आरोग्यदानाच्या एका सभेला नेलं. दुसऱ्या गावच्या मंगल कार्यालयात सभा होती. बाहेरून आलेले एक प्रचारक होते. गर्दी खूप. दुखणाईतांना रांगेनं मंचावर घेत होते. तिच्या कपाळाला तेल लावलं, डोक्यावर हात ठेवले. माईक तोंडापुढं धरून सांगितलं, "मी बरी झाले, असं म्हणा." ती म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परतताना ती गाडीत रडत होती, पण आनंदानं. कितीतरी दिवसांनी मी तिला तशी पाहत होतो. मलाही बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी डायलिसिसची पाळी होती. नात्यातल्या बाईंचा सकाळीच फोन आला. "आता मशीनवर गेलीस तर देवाला खोटं पाडशील." मी म्हटलं, निदान डॉक्टरांना विचारू. ही म्हणाली, "विचारलं तर मग विश्वास कसला?" ती गेली नाही. पुढची पाळीही चुकवली.

मग एका रात्री तिला आडवं होता येईना. झोपलं की दम लागायचा. उशांना टेकून बसली तरी श्वास पुरेना. ओठ काळसर दिसू लागले. शेजारच्या मुलानं रिक्षा काढली. दवाखान्यात पोचलो तेव्हा छातीत पाणी झालं होतं आणि पोटॅशियम वाढलं होतं. रात्रीतच डायलिसिस केलं. डॉक्टर रागावले नाहीत. सकाळपर्यंत थांबला असतात तर काही करता आलं नसतं, एवढंच म्हणाले.

सकाळी मी नात्यातल्या बाईंना फोन केला. मला भांडायचं नव्हतं. प्रार्थना करा, एवढंच सांगायचं होतं. त्या म्हणाल्या, "कुठंतरी शंका आली असणार तिच्या मनात." मी फोन ठेवला. ही जागी होती. माझ्या चेहऱ्यावरूनच तिला कळलं असावं. तिनं विचारलं, "मी शंका घेतली का हो?"

त्या प्रश्नाचा मला आजही त्रास होतो. सभा, तेल, माईक सगळं एकीकडं. मरता मरता वाचलेल्या बाईला स्वतःचाच दोष शोधायला लावणं, हे मला फार मोठं पाप वाटतं.

दवाखान्यातून घरी आल्यावर तिनं उपासनेला जाणं सोडलं. घरातली संध्याकाळची प्रार्थनाही ती करेना. मी वाचायचो, ती ऐकत बसायची. आमेन म्हणायची नाही. मीही तिला कधी म्हण म्हटलं नाही.

आमचे पाळकसाहेब तेव्हा नवीनच बदलून आले होते. वयानं तरुण. ते आले, दाराशी थांबून आधी मला विचारलं, "आज डायलिसिस होतं का? थकल्या असतील तर उद्या येतो." असं विचारणारे ते पहिलेच. दुसऱ्या दिवशी आले. दारामागचा कागद वाचला. खुर्ची तिच्या पलंगाजवळ ओढून बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हीच बोलली. सगळं सांगितलं. शेवटी सरळ विचारलं, "देव मला बरं का करत नाही?"

ते म्हणाले, "बाई, मला माहीत नाही."

मग म्हणाले, "मी प्रार्थना करू का? की आज नको?" ती म्हणाली, करा. त्यांनी दोन-तीन वाक्यांत प्रार्थना केली. हे दुखणं आम्हाला समजत नाही, ते तू जाणतोस. हिला आज रात्री झोप लागू दे. आम्हाला हिच्यासोबत राहायला शिकव. एवढंच. त्या दिवशी ती आमेन म्हणाली.

पुढच्या भेटीत त्यांनी तिच्या आवडीचं काढलं, म्हणजे शास्त्र. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी पौल सांगतो की त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात मागं ठेवलं. पौलाच्या हातून कितीतरी आजारी बरे झाले होते. तरी आपला सोबती त्याला आजारीच सोडून पुढं जावं लागलं. त्यात त्यानं त्रफिमाच्या विश्वासाबद्दल एक शब्द काढलेला नाही. स्वतःच्या शरीरातला काटा निघावा म्हणून त्यानं तीनदा मागणं केलं. तो निघाला नाही. आणि ज्या लूकला तो प्रिय म्हणतो, तो वैद्य होता. हिला हे सगळं पाठ होतं. पण आजारात आपल्यालाच लागू पडणारं वचन आपल्याला आठवत नाही. ते दुसऱ्या कुणी हळूच पुढं ठेवावं लागतं.

मग तिनं स्वतः ईयोबाचं पुस्तक काढलं. रोज थोडं वाचायची, मला सांगायची. ईयोबाचे तीन मित्र आले तेव्हा पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर ते चांगले मित्र होते. मग ते कारणं सांगू लागले. तू काहीतरी केलं असशील, त्याशिवाय देव असं करणार नाही. शेवटी देव बोलतो तेव्हा ईयोबाला कारण सांगतच नाही. मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठं होतास, असं विचारतो. आणि देवाचा राग भडकतो तो देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या त्या मित्रांवर. ही मला म्हणाली, "देवापुढं नम्र होणं म्हणजे देवाच्या मनातलं आपल्याला कळतं असं न म्हणणं." एवढं ज्याला कळलं, तो आजाऱ्याच्या घरी जाऊन त्याचा न्याय करत नाही. माझ्या मते भेटायला येणाऱ्यांतला फरक इथंच पडत होता.

आमच्या मंडळीत एक निवृत्त सिस्टर आहेत. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात त्यांचं शिक्षण झालं. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं ते हॉस्पिटल. त्या आठवड्यातून एकदा यायच्या. आल्या की आधी फिश्चुलावर बोटं ठेवायच्या. आत थरथर जाणवायला हवी. ती थांबली तर ताबडतोब डॉक्टरांकडं जायचं. हे त्यांनी मला शिकवलं, आणि मी ते रोज सकाळी करू लागलो. सभेची गोष्ट कळल्यावर त्या रागावल्या. म्हणाल्या, "आपल्या वाडवडिलांनी देवळाशेजारी दवाखाने उघडले. वॉर्डात सकाळी प्रार्थना व्हायची आणि मग डॉक्टर राउंडला यायचे. दोन्हींत भांडण आहे असं आम्हाला कुणी शिकवलं नाही." पंडिता रमाबाईंचंही त्यांनीच काढलं. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थनेचं केवढं संजीवन झालं. पण १९२१ मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आणि पुढच्याच वर्षी रमाबाईही गेल्या. सिस्टर म्हणाल्या, "रमाबाईंचा विश्वास कमी पडला, असं म्हणायची कुणाची छाती आहे?" ही त्यावर हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

तरी एक गोष्ट तिला फार जड गेली. ती म्हणजे दुसऱ्याकडून सेवा घेणं. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांना डबे नेले. आता मंडळीतल्या बायका येऊन तिचे केस धुऊन द्यायच्या, भांडी घासायच्या, तेव्हा ती चिडायची. मी करीन, राहू द्या, म्हणायची. एकदा एका बाईंच्या हातातून तिनं पातेलं ओढून घेतलं. त्या बाई काही बोलल्या नाहीत. पातेलं ठेवून दिलं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आल्या. नंतर योहानाच्या शुभवर्तमानातला तो भाग वाचताना ही थांबली. प्रभू येशू शिष्यांचे पाय धुतो तेव्हा पेत्र आधी धुऊ देत नाही. ती म्हणाली, इतकी वर्षं मी मुलांना हा धडा शिकवला तो पाय धुणाऱ्याकडं बघून. आता पेत्राचं कळतंय. त्यानंतर ती केस धुऊन घ्यायला मुकाट बसू लागली. सोपं गेलं असं नाही.

पैशाचंही सांगायला हवं. योजनेत डायलिसिस बसलं तरी रिक्षा, इंजेक्शनं, तपासण्या, त्यात मोडलेला दिवस, हा खर्च राहतोच. मंडळीत कुणीतरी आमच्यासाठी खास दान गोळा केलं. हेतू चांगला होता. पण रविवारी उपासनेत आमचं नाव घेऊन आकडा वाचून दाखवला. ही त्या दिवशी पुष्कळ दिवसांनी देवळात आली होती. ती मान खाली घालून बसली. त्याउलट एका रिक्षावाल्यानं पैसे घेणं बंद केलं तेव्हा आम्हाला कळलं की महिन्याचे पैसे कुणीतरी त्याला आधीच देऊन ठेवले आहेत. कोणी ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारणं सोडून दिलं. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका, हे प्रभूनं कशासाठी सांगितलं, ते घेणाऱ्याच्या जागी बसल्यावर समजतं.

डायलिसिसच्या जागी सगळ्या जातीधर्मांची माणसं शेजारी शेजारी पडलेली असतात. सगळ्यांच्या हातात त्याच सुया. शेवगावकडच्या एका खेड्यातली बाई शेवटच्या पाळीला असायची. सोबत म्हातारा नवरा. मशीनवरून उतरेपर्यंत त्यांची शेवटची गाडी निघून जायची, आणि ते दोघं स्टँडवर रात्र काढायचे. डायलिसिस करून आलेलं माणूस, थंडीत, स्टँडच्या बाकावर. माझी निम्मी नोकरी त्या स्टँडवर गेली. तिथली रात्र कशी असते ते मला माहीत आहे. हे हिनंच त्या बाईला विचारून विचारून काढलं. मग मला म्हणाली, आपली सकाळची पाळी त्यांना देऊ. मी म्हटलं, तुला रात्री उशिरा घरी यायला झेपेल का? ती म्हणाली, "आपल्याला घर गावातच आहे." तिथल्या टेक्निशियननं डॉक्टरांना विचारून पाळ्या बदलून दिल्या. आम्हाला त्याचा त्रास झाला. रात्री घरी येऊन जेवायचं म्हणजे तिला जेवणच जायचं नाही. पण ती त्यावरून कधी बोलली नाही. त्या बाईनंही तिला पुढं एकदा गावाकडचं ज्वारीचं पीठ आणलं. आधी विचारलं, "ताई, हे चालतं ना तुम्हाला?"

हे विचारणं फार महत्त्वाचं. आमच्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. दोघंही ख्रिस्ती, दोघंही मोठे शिकलेले. त्यांनी खेड्यातल्या कमी शिकलेल्या, कधी शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. लोकांना काय हवं ते आधी लोकांनाच विचारलं. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मी काही काळ जामखेडला नोकरीला होतो. त्या बायका किती विश्वासानं बोलायच्या ते मी एसटीत बसल्या बसल्या ऐकलं आहे. शिकलेल्या माणसानं न शिकलेल्याकडून ऐकून घ्यायचं, याला नम्रता लागते. आजाऱ्याच्या घरी गेलेल्या निरोग्यालाही तीच लागते.

नात्यातल्या त्या बाई वर्षभरानं घरी आल्या. त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं. हिनं त्यांना चहा दिला, त्यांच्या मुलांची चौकशी केली. जाताना मात्र स्पष्ट सांगितलं, "माझ्यासाठी प्रार्थना कर. पण औषध बंद कर, मशीन बंद कर, असं पुन्हा कुणाला सांगू नकोस. त्या रात्री मी मेले असते." बाई रडल्या. हिनं त्यांच्यासोबत प्रार्थना केली. मला अजून तेवढं जमत नाही. मी त्यांच्याशी बोलतो, पण मन मोकळं होत नाही. ते व्हावं म्हणून मी देवाकडं मागतो.

आज ती बरी झालेली नाही. डायलिसिस चालू आहे. बरे दिवस असतात, वाईट दिवस असतात. ती पुन्हा उपासनेला जाते. शब्बाथशाळा आता तरुण मुली घेतात, ही त्यांना धडे तयार करून देते. बरी कर, ही प्रार्थना आम्ही सोडलेली नाही. रोज करतो. पण गेथशेमाने बागेत प्रभूनंच शिकवलं तसं शेवटी तुझ्या इच्छेप्रमाणं होवो, असंही म्हणतो. हे म्हणताना कधी कधी माझा आवाज अडखळतो, हे खरं आहे.

त्याच बागेत प्रभूनं आपल्या तीन शिष्यांकडं एकच गोष्ट मागितली होती. माझ्याबरोबर जागे राहा. कारण सांगा, उपदेश करा, असं म्हटलं नाही. जागे राहा म्हणाला, आणि त्यांना तेवढंही जमलं नाही. आपल्याला ते जमू शकतं.

म्हणून भेटायला जाणाऱ्यांना माझं सांगणं असं. जाण्याआधी फोन करून विचारा. डायलिसिस किंवा केमो झालेल्या दिवशी जाऊ नका. खायला न्यायचं तर काय चालतं ते आधी घरच्यांना विचारा. फार वेळ बसू नका. आजार का आला हे सांगू नका, कारण ते तुम्हाला माहीत नाही. दुसऱ्या कुणाच्या मरणाची गोष्ट काढू नका. प्रार्थना करू का, असं विचारा. नको म्हटलं तर राग धरू नका. प्रार्थना लहान ठेवा आणि ती देवाकडंच करा. घरात जो सेवा करतोय त्याला एक दुपार झोपायला मिळेल असं काहीतरी करा. पैसे द्यायचे तर कुणाला न सांगता द्या. आणि कितीही मोठ्या माणसानं सांगितलं तरी कुणाला डॉक्टरांनी दिलेला उपचार बंद करायला लावू नका. तसं सांगणारा कुणी तुमच्या मंडळीत आला तर उठून नाही म्हणा. ते नाही म्हणणंही प्रेमच आहे.